माझं काय चुकलं? ऑटिझम कशामुळे होतो, यावर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात उशिरा बोलणाऱ्या मुलांवर लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले त्यातले निम्म्याहून जास्त बोलण्याबद्दल नाहीतच. सगळे विचारतायत ऑटिझम (स्वमग्नता) कशामुळे होतो, आणि ओळींच्या मधलं वाचलं तर विचारतायत की कोणामुळे होतो. म्हणून यावेळी तेवढंच घेते. पत्रं कापून छोटी केलीत, गावं ठेवलीत, नावं काढलीत.

प्रश्न: डॉक्टर, माझा मुलगा तीन वर्षांचा, गेल्या महिन्यात ऑटिझम सांगितला. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. सासूबाई म्हणतात ग्रहणात बाहेर गेलीस, पोटात असताना मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचीस, वर सिझेरियन करून घेतलंस. नणंद म्हणते सहा महिन्यांच्या बाळाला टाकून कामावर गेलीस म्हणून झालं. देवळात प्रसाद (देवाचा कौल) घेतला तर घरच्या देवाचं काहीतरी राहिलंय असं आलं, तेही केलं. नवरा काही बोलत नाही पण त्याच्याही मनात तेच असणार. माझं नक्की काय चुकलं? (एक आई, म्हापसा)

उत्तर: ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये, पुरावा तसाच आहे, आणि घरी वाचून दाखवता यावा म्हणून जरा पाल्हाळ लावते.

ग्रहणाचा काही संबंध नाही, तो विषय इथेच संपवूया. लॅपटॉपचंही तेच. सिझेरियनचं थोडं सांगायला हवं, कारण काही अभ्यासांत सिझेरियनच्या मुलांत ऑटिझम जरा जास्त दिसला होता आणि ते पेपरात आलं की लोकांच्या डोक्यात बसतं ते बसतंच. मग २०१५ साली स्वीडनमधल्या जवळजवळ २७ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या, आणि त्यात एकाच घरातली भावंडं, एक नॉर्मल डिलिव्हरीचं आणि एक सिझेरियनचं, अशी शेजारी ठेवून बघितली, तर फरक उरलाच नाही. म्हणजे ऑपरेशनचा दोष नव्हता, ज्या घरांत तो फरक दिसत होता तिथे मुळातच काहीतरी वेगळं होतं.

आता कामावर जाण्याबद्दल. नणंदबाई जे बोलतायत ते त्यांनी शोधून काढलेलं नाही, ते मोठमोठ्या लोकांनी अमेरिकेत आधीच बोलून ठेवलंय. लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी १९४३ साली ११ मुलांचं वर्णन लिहिलं, तिथून ऑटिझम हे निदान सुरू झालं. त्यांनी स्वतः तेव्हाच लिहिलं होतं की ही मुलं जन्मतःच अशी येतात, पण पुढे त्यांच्याच लिखाणात आईबाप थंड, कोरडे असल्याचं यायला लागलं, आणि ब्रूनो बेटेलहाइम यांनी तर साठच्या दशकात सरळ आईलाच पिंजऱ्यात उभं केलं, आईला मूल नकोसं असतं म्हणून मूल आत मिटतं म्हणे. कित्येक वर्षं तिथल्या बायका हे ऐकत जगल्या. त्याला पहिला सणसणीत विरोध केला तो बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्ये, ते मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. आज ही थंड आईची थिअरी कोणीही शहाणा डॉक्टर मानत नाही, आपल्या घराघरांत मात्र ती बिनपगारी फिरतेय.

मग होतो कशामुळे? मुख्य उत्तर जीन्स. १९७७ साली इंग्लंडमध्ये जुळ्यांचा एक छोटासा अभ्यास झाला, २१ जोड्यांचा, प्रत्येक जोडीत एकाला तरी ऑटिझम होता. हुबेहूब जुळी, म्हणजे ज्यांचे जीन्स सारखेच असतात, अशा ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दुसऱ्यालाही ऑटिझम निघाला, आणि वेगळ्या चेहऱ्याच्या जुळ्यांच्या १० जोड्यांत एकाही नाही. त्यानंतर खूप मोठे अभ्यास झाले, २०१९ मध्ये पाच देशांतल्या २० लाखांवर मुलांचा झाला त्यात असं निघालं की एका मुलाला ऑटिझम आहे आणि दुसऱ्याला नाही या फरकाचा साधारण ८० टक्के वाटा आनुवंशिक आहे. आणि हा एक जीन नाही. २०२० च्या एका अभ्यासात १०२ जीन्सची यादी निघाली, आणि त्याशिवाय असंख्य बारीक बारीक फरक असतात जे तुमच्यात, माझ्यात, नणंदबाईंमध्येही थोडेथोडे आहेतच, कुठल्या तरी मुलात ते एका विशिष्ट जुळणीने एकत्र येतात.

आणि हे घडतं कधी, तर बाळ पोटात असताना, मेंदूचे थर बसायला लागतात तेव्हा. ऑटिझम असलेल्या ११ मुलांच्या मृत्यूनंतर त्यांचा मेंदू तपासला होता, २०१४ मध्ये ते छापून आलं, त्यातल्या १० जणांच्या मेंदूच्या बाहेरच्या थरात काही ठिकाणी पेशींची रचना विस्कटलेली सापडली आणि ती रचना जन्माच्या आधीच ठरते. तुम्ही कामावर गेलात तेव्हा बाळ सहा महिन्यांचं होतं. हिशोब तुम्हीच करा.

जाता जाता एक गंमत सांगते. ओपीडीत हिस्ट्री घेताना मी आजीलाही आत बोलावते, आणि घरात सुनेला बोल लावणारी आजी तिथे हमखास हसत हसत बोलून जाते, ‘बापायचेरूच गेला तो, बापूय चार वर्सांनी उलयलो.’ (बापावरच गेलाय, बापही चार वर्षांनी बोलला.) मग मी पेन खाली ठेवते आणि सगळ्यांकडे एकदा बघते.

देवाचं म्हणाल तर करा, श्रद्धा असेल तर नारळ ठेवा, मला काही म्हणायचं नाही. फक्त गाऱ्हाणं घालायच्या दिवशी थेरपीची वेळ चुकवू नका. आणि नवरा गप्प आहे म्हणजे तुम्हाला दोष देतोय असं धरून चालू नका, पुढच्या खेपेला त्यालाच घेऊन जा आणि डॉक्टरांना हाच प्रश्न त्याच्यासमोर विचारा.

प्रश्न: माझा मोठा मुलगा दीड वर्षापर्यंत चांगला होता, ‘आई’, ‘पाव’, ‘भूभू’ म्हणायचा. इंजेक्शन दिलं आणि महिनाभरात शब्द गेले. आता धाकटी नऊ महिन्यांची झाली, हेल्थ सेंटरची बाई एमआरच्या (गोवर-रुबेला लसीच्या) डोससाठी दोनदा येऊन गेली. बायको नको म्हणते. तुम्ही डॉक्टर लोक द्याच म्हणणार हे माहीत आहे, पण का ते सांगा. (एक वडील, साखळी)

उत्तर: बरोबर ओळखलंत, द्याच म्हणणार. पण तुमची भीती मला वेडेपणाची वाटत नाही. जे डोळ्यांनी बघितलं ते बघितलं.

ऑटिझम असलेल्या काही मुलांत खरोखरच आलेले शब्द जातात. हे बहुतेक करून दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान होतं. आणि आपल्या लसीकरणात एमआरचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर कधी असतो, तर १६ ते २४ महिन्यांत. दोन्ही गोष्टी एकाच वयात येतात, आणि इंजेक्शनचा दिवस लक्षात राहतो कारण पोर रडलेलं असतं, ताप आलेला असतो, कार्डावर तारीख असते. शब्द कमी होत जातात त्याची तारीख कुठे लिहिलेली नसते.

मी अशा आईबाबांना पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ आणायला सांगते, तो आता सगळ्यांच्या मोबाइलवर असतोच. आवाज बंद करून फक्त मुलाकडे बघायचं, केककडे नाही. मावशी नावाने हाक मारतेय, फुगा हलवतेय, पोर वळतं का? काही हवं असलं तर बोट दाखवतं का? फुगा दाखवून आईच्या तोंडाकडे बघतं का? अमेरिकेत १९९४ मध्ये हेच शास्त्रशुद्ध पद्धतीने केलं होतं, पहिल्या वाढदिवसाचे घरगुती व्हिडिओ बघून, आणि पुढे ज्यांना ऑटिझमचं निदान झालं ती मुलं तेव्हाच माणसांच्या चेहऱ्याकडे कमी बघत होती, बोट कमी दाखवत होती, हाकेला कमी वळत होती. सगळ्यांच्या व्हिडिओत दिसेलच असं नाही, पण बऱ्याचदा दिसतं, आणि तो दिवस दीड वर्षाच्या डोसच्या कितीतरी आधीचा असतो.

ही लसीची भानगड सुरू झाली १९९८ मध्ये. अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात १२ मुलांवर एक लेख लिहिला आणि एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीकडे बोट दाखवलं. पुढे निघालं की लस कंपन्यांवर केस करणाऱ्या वकिलांकडून त्याला पैसे मिळत होते आणि मुलांच्या माहितीत फेरफार केली होती. २०१० मध्ये लॅन्सेटने लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन गेलं. तोपर्यंत जगभर व्हायचं ते झालं होतं. डेन्मार्कने तर २०१९ मध्ये ६,५७,४६१ मुलांचा हिशोब मांडला, लस घेतलेली आणि न घेतलेली, ऑटिझमच्या प्रमाणात वाढ नाही. आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे त्यांनी ज्या मुलांच्या मोठ्या भावंडाला ऑटिझम आहे अशी मुलं वेगळी काढून बघितली, तिथेही लसीने धोका वाढला नाही. जपानमध्ये १९९३ ला एमएमआर बंदच केली होती, योकोहामात त्यानंतरही ऑटिझमची निदानं वाढतच राहिली.

आपल्याकडे एमआरची मोठी मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या पाचांत गोवा होता, नऊ महिने ते १५ वर्षांची पोरं, शाळाशाळांत जाऊन दिली, तेव्हाही हेच मेसेज फिरत होते. यातली खरी चेष्टा म्हणजे एमआरमधला आर, रुबेला, गरोदर बाईला सुरुवातीच्या महिन्यांत झाला तर तोच ऑटिझमचं एक पक्कं माहीत असलेलं कारण आहे. १९६४ च्या साथीनंतर न्यूयॉर्कमध्ये अशा २४३ मुलांचा पाठपुरावा केला, त्यात १८ जणांत ऑटिझमची पूर्ण किंवा अर्धवट लक्षणं मिळाली, तेव्हाच्या मानाने प्रचंड. तुमची मुलगी उद्या आई होईल तेव्हा तिच्या बाळाला या एका कारणापासून वाचवणारा डोस तुम्ही दारातून परत पाठवताय. सोमवारी घेऊन जा.

धाकटीवर लक्ष मात्र ठेवा, लसीसाठी नव्हे, ती धाकटी बहीण आहे म्हणून. त्याबद्दल पुढच्या एका उत्तरात लिहिलंय.

प्रश्न: मुलगा-सून दोघं वेर्ण्याला कामाला, नातू माझ्याकडे. दोन वर्षांचा झाला, मोबाइलवर इंग्लिश गाणी लावली की जेवतो. रंग, एबीसी सगळं येतं पण ‘आजी’ म्हणत नाही. एक जण म्हणाली हा व्हर्च्युअल ऑटिझम, मोबाइल बंद केला की बरा होईल. दुसरी म्हणते घरात कोकणी, मराठी, टीव्हीवर हिंदी, सून इंग्लिश बोलते, म्हणून पोर गोंधळलंय. (आजी, फोंडा)

उत्तर: आजी, भाषांचं आधी. गोव्यात चार भाषा कानावर पडणं हे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. जास्त भाषांमुळे ऑटिझम होत नाही, आणि ऑटिझम असलेली मुलं दोन भाषांच्या घरात वाढली तर जास्त मागे पडतात असंही अभ्यासांत दिसत नाही. उलट डॉक्टरांनी ‘एकच भाषा बोला’ सांगितलं म्हणून आजी मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये ‘कम बाबा, ईट बाबा’ करायला लागते तेव्हा मला वाईट वाटतं, कारण जी गाणी, जे लाड, जे दटावणं तुमच्या तोंडून सहज येतं ते सगळं बंद होतं. तुमच्या भाषेत बोला, भरपूर बोला.

व्हर्च्युअल ऑटिझम हे निदान डॉक्टरांच्या कुठल्याही अधिकृत यादीत नाही. रुमानियातल्या एका मानसशास्त्रज्ञाने काढलेला तो शब्द आहे आणि आपल्याकडे रीलवाल्यांनी उचलला. जपानमध्ये जवळजवळ ८४ हजार आई-मुलांच्या अभ्यासात, २०२२ ला आला तो, एक वर्षाचा असताना जास्त स्क्रीन बघणाऱ्या मुलग्यांत तीन वर्षांचे होईपर्यंत ऑटिझमचं निदान जास्त दिसलं. पण यात कोंबडी आधी की अंडं आधी असा घोळ आहे, कारण ज्या पोराला माणसांपेक्षा फिरणारे रंग आणि तेच तेच गाणं आवडतं त्याला मोबाइल मिळाला की ते तासभर शांत बसतं, आणि थकलेल्या घरात मोबाइल त्यालाच जास्त मिळतो. म्हणजे मोबाइलमुळे ऑटिझम झाला असं म्हणता येत नाही. मोबाइलमुळे बोलणं मागे पडतं हे मात्र खरं, कारण तेवढा वेळ त्याच्याशी कोणी बोलत नसतं. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे की दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, दोन ते पाच वर्षांत दिवसाला तासापेक्षा जास्त नको. तेव्हा बंद करा, पहिले तीन-चार दिवस जेवताना रडारड होईल, होऊ दे.

पण आजी, ‘बंद करू, सहा महिने बघू’ असं करू नका. हाक मारली की वळत नाही, बोट दाखवत नाही असं असेल तर मोबाइल बंद करणं आणि तपासणी दोन्ही एकाच आठवड्यात. मला या शब्दाचा राग त्यासाठीच आहे, त्याच्या भरवशावर लोक वर्ष घालवतात.

प्रश्न: पहिल्या मुलाला ऑटिझम आहे. मी ३७, नवरा ४५, शिपवर असतो. दुसरं मूल हवंय. चान्स किती? सोनोग्राफीत कळतं का? मला फिट्सच्या गोळ्या चालू आहेत. (एक वाचक, वास्को)

उत्तर: शेवटची ओळ तुम्ही सहज लिहिलीत, मी तिथूनच सुरू करते. गोळीचं नाव बघा. सोडियम व्हॅल्प्रोएट किंवा त्या कुटुंबातली असेल तर दिवस राहायच्या आधी, म्हणजे आत्ताच, न्यूरॉलॉजिस्टला भेटा. डेन्मार्कच्या २०१३ च्या अभ्यासात पोटात असताना व्हॅल्प्रोएट मिळालेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण ४.४२ टक्के होतं, एकूण मुलांत १.५३ टक्के. शिवाय बाळाच्या मणक्यात व्यंग होण्याचाही धोका या गोळीने वाढतो. पण आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही, अजिबात नाही, गरोदरपणात मोठी फिट येणं आई आणि बाळ दोघांच्या जिवावर येऊ शकतं. डॉक्टर बदलून देतील ती गोळी, तिला वेळ लागतो, म्हणून आधी जायचं. बदलता येण्यासारख्या कारणांची यादी फार छोटी आहे आणि तुमच्या हातात त्यातलं एक आहे.

चान्सचं म्हणाल तर ज्या घरात आधी एका मुलाला ऑटिझम आहे तिथे पुढच्या मुलाला असण्याची शक्यता साधारण २० टक्के, म्हणजे पाचात एक. मुलगा झाला तर त्याहून थोडी जास्त, मुलगी झाली तर कमी. पाचात चार वेळा नसतो, हेही त्याच वाक्यात वाचा. हा आकडा कोणाला मोठा वाटतो कोणाला छोटा, ते तुम्ही दोघांनी ठरवायचं, मी नाही.

वयाचं थोडं. पाच देशांतल्या ५७ लाख मुलांच्या अभ्यासात, २०१६ चा, विशीतल्या बापांच्या तुलनेत पन्नाशी ओलांडलेल्या बापांच्या मुलांत ऑटिझम ६६ टक्क्यांनी जास्त होता, आणि चाळिशीतल्या आयांच्या मुलांत विशीतल्या आयांपेक्षा १५ टक्क्यांनी. टक्के ऐकून घाबरू नका. शंभरात एक असेल त्याच्या ६६ टक्के जास्त म्हणजे शंभरात दोनसुद्धा होत नाहीत. बापाच्या वयाचं कारण असं की शुक्राणू आयुष्यभर नव्याने तयार होत असतात आणि प्रत्येक नकलेत चुका राहायची शक्यता असते, आइसलंडच्या अभ्यासात बापाच्या वयाच्या दर वर्षामागे मुलात साधारण दोन नवे बदल जास्त मिळाले. बहुतेक बदल निरुपद्रवी असतात. तेव्हा पुढच्या कॉन्ट्रॅक्टनंतर बघू, अजून एक कॉन्ट्रॅक्ट झालं की बघू, हे जे शिपवाल्या घरांत चालतं ते या बाबतीत फायद्याचं नाही एवढंच.

सोनोग्राफीत ऑटिझम दिसत नाही. एनटी स्कॅन नाही, अॅनॉमली स्कॅन नाही, पोटातल्या पाण्याची तपासणी करूनही सरसकट कळत नाही. करायचं असेल तर मोठ्या मुलाची जेनेटिक तपासणी आधी करा, क्रोमोसोमल मायक्रोअ‍ॅरे आणि फ्रॅजाइल एक्स. त्यात ठोस कारण सापडलं तर दुसऱ्याबद्दल काहीतरी नेमकं सांगता येतं, नाही सापडलं, जे बहुतेकांचं होतं, तर हा वर लिहिलेला आकडाच धरायचा.

फोलिक अॅसिड दिवस राहायच्या आधीपासून, तुमच्या फिट्समुळे डोस वेगळा लागेल तो डॉक्टरच सांगतील. नॉर्वेत ८५ हजार मुलांच्या अभ्यासात ज्यांच्या आयांनी वेळेत फोलिक अॅसिड घेतलं त्यांच्यात तीव्र ऑटिझम ०.१० टक्के, न घेतलेल्यांच्यात ०.२१. फोलिक अॅसिडमुळेच हे झालं असं छातीठोक म्हणता येत नाही, पण गोळी स्वस्त आहे, हेल्थ सेंटरला फुकट मिळते आणि मणक्याच्या व्यंगासाठी तर घ्यायचीच असते. शुगर, वजन, थायरॉइड आधी तपासून घ्या, गरोदरपणातला डायबेटीस आणि वेळेआधी डिलिव्हरी या दोन्हींचा ऑटिझमशी संबंध दिसतो, आणि अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तर तो चांगलाच दिसतो.

प्रश्न: पोटुशी असताना ताप आला म्हणून पॅरासिटामॉल घेतली होती. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष टीव्हीवर बोलले की त्याने ऑटिझम होतो, ते ऐकून झोप उडाली. (डिचोली)

उत्तर: झोपा. सप्टेंबर २०२५ मधलं ते भाषण मीही ऐकलं. स्वीडनमध्ये २४ लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास २०२४ मध्ये आलाय, भावंडांची तुलना केल्यावर पॅरासिटामॉलचा ऑटिझमशी संबंध राहिला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही ठोस पुरावा नसल्याचं सांगितलं. उलट गरोदरपणात अंगात ताप तसाच ठेवणं चांगलं नाही. डॉक्टरांना विचारून, लागेल तेवढीच घ्यायची.

प्रश्न: आम्ही रोज मासे खाणारे. माशांत मर्क्युरी असतो त्याने ऑटिझम होतो असं वाचलं, सून गरोदर आहे, मासे बंद करू का? (पेडणे)

उत्तर: गोंयकाराला मासे बंद करायला सांगायचं म्हणजे मला या कॉलमातून काढून टाकतील. सेशेल्स बेटांवरची माणसं आपल्यासारखीच, किंबहुना आपल्याहून जास्त मासे खातात, तिथे १,७८४ मुलांचा अभ्यास झाला, आईच्या शरीरातल्या मर्क्युरीचा आणि मुलांतल्या ऑटिझमच्या लक्षणांचा संबंध मिळाला नाही. तरी मर्क्युरी जास्त प्रमाणात बाळाच्या मेंदूला बरा नाहीच, आणि तो साठतो दुसरे मासे खाणाऱ्या मोठ्या माशांत. म्हणून मोरी (शार्क) टाळा, इसवण (सुरमई) रोज नको. तारले, बांगडे, लेपो, सुंगटं (कोळंबी) खुशाल, ताजे बघून आणि नीट शिजवून.

प्रश्न: पुतण्याला ऑटिझम आहे. माझ्या मुलीसाठी स्थळं बघतोय, मध्यस्थ म्हणतो हे सांगू नका, घराण्यात आहे म्हणून मोडेल. (वाळपई)

उत्तर: काका, आकडा देते, तो तुम्ही मध्यस्थाला द्या. स्वीडनच्या मोठ्या अभ्यासात ज्याच्या चुलत-मामे भावंडाला ऑटिझम आहे त्याला स्वतःला तो असण्याची शक्यता इतरांच्या दुप्पट, म्हणजे शंभरात एकाच्या जागी दोन, अशी निघाली. तुमच्या मुलीच्या होणाऱ्या बाळाचं नातं त्याहून एक पायरी लांब. आणि कित्येकदा ऑटिझमला कारण असलेला बदल त्या मुलातच पहिल्यांदा आलेला असतो, आईबापातही नसतो, मग घराण्याचा संबंध कुठे. सांगायचं की नाही ते मी नाही ठरवणार, पण जे स्थळ एवढ्यावरून मोडेल ते लग्नानंतर कशाकशावरून भांडेल याचा विचार करा. आणि पुतण्याला साखरपुड्याला मागच्या खोलीत ठेवू नका.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, ३४ वर्षं प्राथमिक शाळेत काढली. आमच्या वेळी हा रोग नव्हता. आता प्रत्येक वर्गात एक. हवा-पाण्यात काहीतरी बिघडलंय. (पर्ये)

उत्तर: गुरुजी, होता हो. आठवा जरा, जो पोरगा खिडकीजवळ बसून गाड्यांचे नंबर पाठ म्हणायचा आणि हाक मारली तरी बघायचा नाही, त्याला गावाने काय नाव ठेवलं होतं? आणि जो बोलतच नव्हता तो तुमच्या वर्गापर्यंत आलाच नाही, घरीच राहिला. अमेरिकेत २००० साली आठ वर्षांच्या दीडशे मुलांत एक असं प्रमाण होतं, २०२२ च्या आकड्यांत ३१ मध्ये एक. मधल्या काळात व्याख्या रुंदावली, २०१३ मध्ये अ‍ॅस्पर्गरसकट सगळे एकाच नावाखाली आले, तपासणी वाढली, शाळांना कळायला लागलं. डेन्मार्कने हिशोब काढला तर तिथल्या वाढीतला जवळजवळ ६० टक्के भाग नुसता व्याख्या आणि नोंदींची पद्धत बदलल्यामुळे होता. उरलेल्यात वाढलेली वयं, अपुऱ्या दिवसांची बाळं आता जगतात ते, असं बरंच येतं. हवेच्या प्रदूषणाचा संबंध काही अभ्यासांत दिसतो, तो नाकारत नाही.

आणि हे सगळं परदेशाचंच नाही. भारतात पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांची तपासणी झाली, २०१८ ला छापून आली, त्या पाचांत आपला उत्तर गोवा होता. ऑटिझम साधारण शंभरात एक. त्या अभ्यासात मुलांच्या वाढीच्या एकूण अडचणींमागे जे धोके दिसले ते मात्र आपल्या ओळखीचे आहेत, घरी झालेलं बाळंतपण, जन्मताच न रडलेलं बाळ, कमी वजन, नवजात असताना आजारपण, मेंदूत झालेलं इन्फेक्शन. यातल्या बऱ्याच गोष्टी हेल्थ सेंटर नीट चाललं तर टळतात.

प्रश्न: एका क्लिनिकने सांगितलं शरीरात जड धातू साठल्यामुळे ऑटिझम झालाय, डिटॉक्स आणि मग स्टेम सेल, पॅकेज काही लाखांचं. जमीन विकायचा विचार आहे. (काणकोण)

उत्तर: जमीन विकू नका. धातू काढायच्या औषधांनी, किलेशन म्हणतात त्याला, ऑटिझम जात नाही, आणि २००५ मध्ये अमेरिकेत एक पाच वर्षांचा मुलगा हा उपचार चालू असताना गेला. स्टेम सेल हा आयसीएमआरच्या नियमांत ऑटिझमसाठी मान्य उपचार नाही. आधी खोटं कारण विकायचं आणि मग त्या कारणावरचा उपचार विकायचा, हा धंदा जुना आहे.

त्याऐवजी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या बालरोग विभागात दाखवा. आणि घरीच आईबाबांना मुलाशी खेळायला, त्याच्या कलाने बोलायला शिकवायची एक पद्धत आहे, तिची चाचणी आपल्याच गोव्यात, पर्वरीच्या संगाथ संस्थेच्या लोकांनी केली, इथे आणि पाकिस्तानात रावळपिंडीला, ६५ मुलांवर, २०१६ मध्ये ती लॅन्सेट सायकियाट्रीत आली. मोठे स्पेशालिस्ट नाही, ट्रेनिंग दिलेले साधे कार्यकर्ते घरी जायचे, आणि मुलं आपणहून आईबाबांशी संवाद करायला लागण्यात फरक पडला. अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून घ्या, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीचाही धरतात. पॅकेजचा ॲडव्हान्स भरला असेल तर पावती घेऊन जा आणि परत मागा.